घरसामानाचा आकडा कोणी ठरवायचा?

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीतून ओसरले, तेव्हा गावभागापासून मारुती चौकापर्यंत रस्त्यांच्या कडेला घराघरांतील सामानाचे ढीग लागले होते. आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी मानली जाते. त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर पोहोचले. पाण्याने फुगलेल्या गाद्या, पापुद्रे सुटलेली कपाटे, तळ गळून पडलेले दिवाण आणि चिखलाने भरलेले सोफे यांचा तो ढीग म्हणजे शेकडो संसारांची वर्षानुवर्षांची बचत होती. राज्य शासनाने पूरग्रस्त कुटुंबांना शहरी भागात १५,००० रुपये व ग्रामीण भागात १०,००० रुपये मदत जाहीर केली. तातडीच्या गरजेसाठी ती मोलाची होती, यात शंका नाही. परंतु एका घराचे सामान नव्याने उभे करायचे म्हटले, तर ती रक्कम कोठे पुरी पडणार? ज्यांनी सामान हप्त्यांवर घेतले होते त्यांची स्थिती तर अधिकच विचित्र. वस्तू कचऱ्याच्या गाडीत गेली तरी तिच्या कर्जाचा हप्ता काही वाहून जात नाही.

अशा संकटात कोणती वस्तू टिकते आणि कोणती टिकत नाही, हे नशिबावर अवलंबून नसते. सागवानाची खाट चिखल धुऊन सावलीत हळूहळू वाळवली, तर बहुधा पुन्हा उपयोगात येते. लोखंडी कपाट वेळेवर पुसून, गंज घासून व रंग देऊन सावरता येते. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचे कपाट मात्र एकदा फुगले की त्याला कोणताही सुतार पूर्वस्थितीत आणू शकत नाही. म्हणजे पुराने जो निवाडा केला, त्याची बरीचशी बीजे खरेदीच्या दिवशीच पेरली गेली होती. त्या दिवशी किती पैसे द्यायचे, कशासाठी द्यायचे आणि ते कोठून आणायचे, हे कोणी ठरवले होते, हा प्रश्न म्हणूनच केवळ गृहिणींच्या चर्चेचा नव्हे. मासिक वेतनावर जगणाऱ्या प्रत्येक कुटुंबाच्या आर्थिक स्वास्थ्याशी तो निगडित आहे.

आकडा ठरविणारे तिघे

सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांत शिक्षक, कारकून, बँकांतील व साखर कारखान्यांतील नोकरदार असा मोठा वर्ग आहे. हा वर्ग हिशेबी म्हणून ओळखला जातो. किराण्याची यादी तो काटकसरीने करतो, दुधाचा खाडा विसरत नाही, मुलांच्या शिक्षणासाठी दरमहा काही रक्कम बाजूला टाकतो. परंतु घरसामानाच्या खरेदीत मात्र हाच हिशेबी माणूस अनेकदा आकडा स्वतः ठरवीत नाही. त्याच्या वतीने तो दुसरेच कोणी ठरवून टाकतात.

यांतील पहिला म्हणजे दुकानदार. तो वस्तूची किंमत सांगण्यापूर्वी महिन्याचा हप्ता सांगतो. साठ हजारांचा सोफा म्हटल्यावर जो मनुष्य दचकतो, तोच ‘महिन्याला फक्त अडीच हजार’ असे ऐकल्यावर खुर्चीत सैल होऊन बसतो. दुसरे म्हणजे सोयरे. लग्नाच्या बैठकीत मुलीकडून काय काय येणार, याची उजळणी होते आणि वधूपित्याच्या ऐपतीचा आकडा परस्पर निश्चित होतो. तिसरा म्हणजे शेजारी. तो काहीच बोलत नाही; परंतु वेतन आयोगाच्या फरकाची रक्कम हाती पडताच त्याच्या दिवाणखान्यात जे आले, ते आपल्याही घरात असावे असे वाटू लागते. या तिघांपैकी कोणालाही त्या कुटुंबाची मिळकत, कर्ज, घराची जागा वा बदलीची शक्यता यांच्याशी कर्तव्य नसते. तरीही आकडा त्यांचाच चालतो.

जुनी व्यवस्था

पूर्वीच्या काळी सर्व काही आदर्श होते असे मानण्याचे कारण नाही. तथापि सामानाचा खर्च मर्यादेत ठेवणारी एक रीत त्या काळच्या गावगाड्यात होती, हे मान्य करावे लागेल. सुतार हा गावाचा बलुतेदार. शेतकऱ्याची औते तो वर्षभर दुरुस्त करी आणि सुगीच्या दिवसांत त्याला धान्याच्या रूपाने बलुते मिळे. घरातले सामानही मोजकेच असे. बसायला पाट, पूजेला चौरंग, पाण्याच्या हंड्यांना घडवंची, निजायला बाज, वस्त्रांना पेटी आणि भिंतीतच कोनाडा नि फडताळ. जी वस्तू घडवणारा आणि दुरुस्त करणारा एकाच गावात राहतो, ती तकलादू करून त्याला चालत नसे. कारण तीच पुन्हा त्याच्या दारी येणार असे. या व्यवस्थेत बलुतेदारावर अन्याय होता, जातीचे बंधन होते, हे विसरता येणार नाही. ती गेली याबद्दल हळहळ करण्याचेही कारण नाही. पण तिच्याबरोबर दुरुस्तीचा हिशेबही गेला, हा तोटा मात्र खरा आहे.

पुढे याच भूमीत कारखान्यात तयार होणाऱ्या सामानाचे युग अवतरले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या हद्दीत, आज सांगली जिल्ह्यात असलेल्या माळरानावर, किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडी नांगरांनी नावारूपाला आलेल्या त्या कारखान्यातून १९३० नंतरच्या दशकात लोखंडी फर्निचरही बाहेर पडू लागले. त्याच्या आगेमागे मुंबईच्या गोदरेजचे पोलादी कपाट घराघरांत शिरले. त्याची निर्मिती १९२३ मध्ये सुरू झाली होती. आज कोणत्याही कारखान्याचे लोखंडी कपाट असले तरी खेड्यापाड्यांतून त्याला ‘गोदरेज कपाट’ असेच म्हणतात. ही खरेदी त्या पिढीला मोठी वाटे. ती एकदाच केली जाई आणि त्या कपाटात पुढे नातवंडांची प्रमाणपत्रे ठेवली जात. किंमत जास्त असूनही ते महाग पडले नाही, याचे कारण त्याच्या आयुष्यात होते.

किंमत आणि आयुष्य

अंदाजपत्रक करताना पहिली चूक येथेच होते. मनुष्य वस्तूची किंमत पाहतो, तिच्या आयुष्याने तिला भागून पाहत नाही. समजा, २४,००० रुपयांचा एक सोफा सहा वर्षे टिकला, तर तो वर्षाला ४,००० रुपयांना पडला. ३६,००० रुपयांचा सागवानी बाक तीस वर्षे टिकला, तर वर्षाचा खर्च १,२०० रुपये झाला. आकडे उदाहरणादाखलचे आहेत. परंतु भागाकार प्रत्येकाला करता येण्याजोगा आहे. चौथीतल्या विद्यार्थ्यालाही जमेल असा हा हिशेब दुकानात कोणी करून दाखवीत नाही, म्हणून तो घरीच करून जाणे इष्ट.

या भागाकारालाही अर्थात मर्यादा आहेत. भरीव लाकूड नेहमीच हितावह, असा सरसकट नियम करता येणार नाही. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाची बदली होते, कारकुनाला तालुका सोडून जावे लागते. जड पलंग जिन्यावरून उतरवायचा, टेम्पोत चढवायचा आणि नव्या गावी दुसऱ्या मजल्यावर न्यायचा, यात भाडे, हमाली आणि मोडतोड आली. ज्याच्या नोकरीत वारंवार स्थलांतर आहे, त्याने वस्तूचे आयुष्य वर्षांबरोबर बिऱ्हाडांतही मोजावे. स्क्रूने सुटणारी खाट, घडीचे टेबल, साधी लोखंडी मांडणी हे त्याच्या दृष्टीने अधिक शहाणपणाचे ठरते.

शिवाय हवामानही आहेच. एकट्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाकाठी सरासरी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर माण तालुक्यात तो ५०० मिलिमीटरच्या आसपास असतो. एकाच दुकानातून घेतलेली दोन कपाटे या दोन ठिकाणी सारखी टिकणार नाहीत. महाबळेश्वर, पाटण व जावळीच्या दमट हवेत दारे फुगतात, खण अडकतात, पाठीमागच्या पातळ फळीवर बुरशी चढते. माण-खटावच्या किंवा सांगली जिल्ह्यातील जत-आटपाडीच्या कोरड्या उन्हाळ्यात नीट न वाळवलेले लाकूड तडकते. प्लायवूड घेतानाही हा भेद लक्षात ठेवावा लागतो. भारतीय मानक ३०३ खाली येणाऱ्या प्लायवूडमध्ये केवळ ओलावा सोसणारा आणि उकळते पाणी सोसणारा असे दोन वेगळे प्रकार आहेत. मानक ७१० खालील मरीन प्लायवूडला तर ७२ तास पाण्यात उकळण्याची कसोटी पार करावी लागते. फळीवरचा हा छाप वाचायला अर्धा मिनिट लागतो. तो वर चकचकीत लॅमिनेट बसण्यापूर्वी वाचला पाहिजे, इतकेच.

हप्त्याचे गणित

आता पैशाच्या बाजूकडे वळू. हप्त्यावर खरेदी करणे हे पाप नव्हे. प्रश्न आहे तो हप्त्यामागील व्याज ओळखण्याचा. समजा, ६०,००० रुपयांचे सामान दोन वर्षांच्या मुदतीवर घेतले आणि विक्रेत्याने बारा टक्के सरळ व्याज सांगितले. दोन वर्षांचे व्याज १४,४०० रुपये. एकूण ७४,४०० रुपये. महिन्याचा हप्ता ३,१०० रुपये. ऐकताना हे योग्यच वाटते. परंतु येथे व्याजाची आकारणी दोन्ही वर्षे पूर्ण ६०,००० वर होत आहे, आणि मुद्दल तर पहिल्याच महिन्यापासून फिटत आहे. शिल्लक मुद्दलावर हिशेब केला, तर हा दर वर्षाला सुमारे साडेएकवीस टक्के भरतो. शिल्लक मुद्दलावर खरोखरच बारा टक्के घेतले असते, तर हप्ता २,८२५ रुपयांच्या आत आला असता आणि दोन वर्षांचे व्याज ८,००० रुपयांपेक्षा कमी झाले असते. बारा टक्के या एकाच शब्दाचे दोन अर्थ आणि त्यांतील अंतर साडेसहा हजार रुपयांचे. तेवढ्यात मुलाच्या अभ्यासाचे टेबल येऊ शकते.

‘शून्य टक्के व्याज’ या पाटीचीही हीच कथा. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना पाठविलेल्या परिपत्रकात शून्य टक्के व्याज अशी कल्पनाच अस्तित्वात नाही, असे स्पष्ट शब्दांत बजावले होते. जे व्याज म्हणून दिसत नाही, ते प्रक्रिया शुल्क म्हणून किंवा रोख खरेदीवर मिळणारी सूट नाकारून वसूल होते. तेव्हा अशा दुकानात एकच प्रश्न विचारावा: ‘आज सर्व पैसे रोख दिले तर किती घ्याल?’ रोखीची किंमत आणि हप्त्यांची बेरीज यांतील फरक म्हणजे व्याज. त्याला नाव काहीही असो.

१ ऑक्टोबर २०२४ पासून बँका व वित्तसंस्थांनी किरकोळ कर्जदाराला करारापूर्वी एक विवरणपत्र देणे बंधनकारक झाले आहे. सर्व शुल्के धरून कर्जाचा प्रत्यक्ष वार्षिक दर किती पडतो, हे त्यात लिहिलेले असते, आणि ते कर्जदाराला समजेल अशा भाषेत असावे लागते. हे पत्र मागून घ्यावे, वाचावे आणि मगच सही करावी. पगारदार नोकरांच्या सहकारी पतसंस्थांचे जाळे या दोन्ही जिल्ह्यांत आहे. तेथील कर्ज सुलभ असते. मात्र ते वेतनातून परस्पर कापले जात असल्याने त्याचा बोजा हाताला जाणवत नाही. जो खर्च जाणवत नाही, तोच अधिक होतो. सोफ्यासाठी घेतलेल्या कर्जामुळे पुढे आजारपणात कर्जाची मर्यादा संपलेली आढळावी, याहून दुर्दैव ते कोणते?

सामान्यतः असा दंडक घालता येईल: एका वर्षाच्या नियमित बचतीतून जेवढे येते, तेवढ्याच रकमेचे सामान त्या वर्षी घ्यावे. महिन्याला ४,००० रुपये शिल्लक टाकणाऱ्या घराचा वर्षाचा आकडा ४८,००० रुपये. त्यातला दहावा हिस्सा, म्हणजे ४,८०० रुपये, वाहतूक, हमाली व किरकोळ दुरुस्तीसाठी राखून ठेवावा. उरले ४३,२०० रुपये. लाकडी व लोखंडी फर्निचरवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे, हेही ध्यानात असावे. दुकानदार ४०,००० म्हणतो ती किंमत कराविना असेल, तर पावती ४७,२०० रुपयांची होते आणि अंदाजपत्रक तेथेच कोसळते. वेताच्या व बांबूच्या फर्निचरवरील कर सप्टेंबर २०२५ मध्ये १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. त्या सामानाकडे आजवर झालेले दुर्लक्ष दूर करण्यास हे एक निमित्त ठरावे.

सुताराकडून काम करून घेणाऱ्याने तर कागद-पेन्सिल घेऊनच बसावे. लाकडाची घनफुटे काढणे अवघड नाही. फुटांतील लांबीला इंचांतील रुंदी व जाडीने गुणून १४४ ने भागले की झाले. सहा फूट लांब, सहा इंच रुंद आणि दोन इंच जाड फळी म्हणजे बरोबर अर्धा घनफूट. वखारीत हा हिशेब येणारा आणि न येणारा अशा दोन गिऱ्हाइकांकडे वेगळ्या नजरेने पाहिले जाते, हे जाणत्यांना सांगायला नको. लाकूड, प्लायवूड, बिजागऱ्या, कड्या, पॉलिश व मजुरी हे सारे स्वतंत्र लिहून घ्यावे. काम चालू असताना वाढवलेली प्रत्येक गोष्टही त्याच कागदावर यावी. लोखंडी कपाट घेताना पत्र्याचा गेज विचारावा. गेजचा आकडा जितका लहान तितका पत्रा जाड, हा उलटा हिशेब ठाऊक नसल्याने बावीस गेजचे कपाट वीसपेक्षा चांगले समजून घेणारेही भेटतात.

आंदणाचा प्रश्न

घरसामानाच्या खर्चाचा सर्वांत दुखरा भाग लग्नाशी जोडलेला आहे. मुलीला संसारासाठी चार भांडी व एखादी पेटी आंदण द्यावी, यात माया होती. आज त्या आंदणाची जागा कपाट, पलंग, गादी, आरसा, सोफा आणि शोकेस यांच्या संपूर्ण संचाने घेतली आहे. बाजारात त्याला ‘संसार सेट’ असे गोंडस नाव मिळाले आहे. मांडवाशेजारी तो पाहुण्यांना दिसेल अशा रीतीने मांडला जातो आणि लग्नानंतर टेम्पोतून वाजतगाजत सासरी जातो. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ पासून अस्तित्वात आहे. भेटवस्तूंची यादी ठेवण्याविषयीचे नियम १९८५ मध्ये झाले. मागणी करून घेतलेली वस्तू भेट ठरत नाही, मग ती मागणी कितीही गोड शब्दांत केलेली असो.

कायद्याचा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवला, तरी व्यवहाराचा मुद्दा उरतोच. हे सामान ज्या घरात जाणार, त्या घराची खोली मोजून ते घेतलेले नसते. पुण्यात किंवा पिंपरी-चिंचवडमध्ये एका खोलीत संसार थाटणाऱ्या जोडप्याचा पलंग त्यामुळे वर्षानुवर्षे गावच्या माडीवर उभा राहतो. कपाटात सासरचे धान्य भरले जाते. वधूपिता मात्र त्याच पलंगाचे कर्ज फेडीत असतो. जी वस्तू वापरणारे दोघे खरेदीला उपस्थित नसतात, तिचे अंदाजपत्रक होऊच शकत नाही. तेवढीच रक्कम, देण्याची खरोखर इच्छा व ऐपत असेल तर, मुलीच्या स्वतःच्या नावे बँकेत ठेवावी आणि सामान त्या दोघांनी आपल्या घराच्या मापाने, आपल्या मिळकतीने, एकेक करून घ्यावे. या मार्गात दाखवण्यासारखे काही नाही, हीच त्याची अडचण आहे आणि हाच त्याचा गुणही आहे.

टंचाईच्या काळात एका राष्ट्राने हा प्रश्न कसा हाताळला, ते पाहण्यासारखे आहे. दुसऱ्या महायुद्धात लाकडाचा तुटवडा पडला, तेव्हा १९४२ मध्ये ब्रिटिश सरकारने ‘युटिलिटी फर्निचर’ची योजना आणली. नवविवाहित जोडपी आणि बाँबहल्ल्यांत ज्यांची घरे गेली अशी कुटुंबे यांनाच प्रामुख्याने परवाने मिळत. प्रत्येक वस्तूला ठरावीक गुण, प्रत्येक घराला गुणांची मर्यादा, आराखडे सरकारने मान्य केलेले आणि किमती नियंत्रित. १९४३ मध्ये त्याची सूची प्रसिद्ध झाली. १९५२ पर्यंत ही योजना चालली. सामान साधे, बिनकोरीव, परंतु मजबूत असे. मर्यादित गुण कशावर खर्चायचे हे ठरवताना त्या जोडप्यांना आधी खाट की आधी टेबल, याचा विचार करणे भाग पडे. शांततेच्या काळात अशी सक्ती कोणी मागणार नाही. पण तीच शिस्त प्रत्येक घराने स्वतःपुरती लावून घेण्यास परवान्याची गरज नाही.

नदीकाठचे अंदाजपत्रक

सांगलीकरांच्या यादीत आणखी एक रकाना हवा, तो म्हणजे पुराचा. कृष्णा साताऱ्याच्या डोंगरात, महाबळेश्वरी उगम पावते. कऱ्हाडला तिला कोयना मिळते, हरिपूरला वारणा मिळते. साताऱ्याच्या घाटमाथ्यावर पडणारा पाऊस अशा रीतीने सांगलीच्या दिवाणखान्यापर्यंत येऊन पोहोचतो. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी तो पोहोचला. सोळा वर्षांत तीनदा जे घडले, त्याला आकस्मिक म्हणणे कठीण आहे. पूररेषेतील तळमजल्यावर राहणाऱ्या कुटुंबाने भिंतीत कायमचे ठोकलेले, जमिनीपर्यंत टेकणारे प्लायवूडचे कपाट करून घेणे, हा खर्च नव्हे, ती पाण्याशी केलेली पैज आहे. अशा घराला उचलून वरच्या मजल्यावर नेता येईल असे हलके सामान, पायांवर उभी राहणारी लोखंडी मांडणी आणि उंचावरचा पोटमाळा अधिक उपयुक्त. उंची वस्तू घ्यायच्याच असतील, तर त्या वरच्या मजल्यासाठी घ्याव्यात.

विम्याचा विचारही याच यादीत यावा. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी उपलब्ध करून द्यावी लागते. पुराचा धोका तीत समाविष्ट आहे. इमारतीचा विमा उतरविल्यास तिच्या विमा रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, मात्र कमाल १० लाख रुपये, घरातील सामानाला आपोआप संरक्षण मिळते. भाड्याच्या घरात राहणाऱ्यालाही केवळ सामानाचा विमा काढता येतो. ज्या शहरात सोन्याच्या पावत्या जपून ठेवल्या जातात, तेथे पलंगाची आणि कपाटाची पावतीही जपून ठेवली पाहिजे. कारण नुकसानभरपाई मागताना आणि वस्तू सदोष निघाल्यास ग्राहक आयोगाकडे दाद मागताना तोच कागद बोलतो. कच्च्या चिठ्ठीवर कर वाचवल्याचे समाधान त्या दिवशी महागात पडते.

आधी काय?

एवढे सर्व केल्यावर यादीत पहिली वस्तू कोणती असावी, हा प्रश्न उरतो. बहुतेक घरांत पहिला मान सोफ्याला मिळतो. तो पाहुण्यांसाठी असतो. पाहुणे महिन्यातून दोनदा येतात, तासभर बसतात. घरातली मुले मात्र रोज चार-चार तास जमिनीवर, पलंगावर किंवा स्वयंपाकघराच्या ओट्याशी पाठीला बाक काढून अभ्यास करतात. शिक्षकाच्या घरातसुद्धा वह्या तपासण्याचे टेबल नसते आणि काचेच्या शोकेसमध्ये चिनीमातीची हरणे असतात, हे चित्र विरळा नाही. जी वस्तू रोज, सर्वांत अधिक तास आणि घरातल्याच माणसांच्या उपयोगी पडते ती आधी, असा क्रम लावला, तर निजण्याची सोय, कपडे व कागदपत्रे सुरक्षित ठेवणारे एक कपाट आणि अभ्यासाचे टेबल-खुर्ची या तीन गोष्टी वर येतात. सोफा खाली जातो. कदाचित तिसऱ्या वर्षात जातो. तोपर्यंत सतरंजी आहेच, आणि सतरंजीवर बसलेला पाहुणा चहा नाकारून गेल्याचे कोणाच्या ऐकिवात नाही.

सातारा जिल्ह्याला तर या क्रमाची परंपरा आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तेथील मुलांना जेवू घालण्यासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही दिले. त्या घरात पैसा थोडा होता. परंतु तो कशावर आधी खर्च करायचा, याविषयी संभ्रम नव्हता. तेवढ्या त्यागाची अपेक्षा आजच्या कारकुनाकडून वा शिक्षकाकडून कोणी करणार नाही. खर्चाचा क्रम स्वतः ठरविण्याची अपेक्षा मात्र करता येईल.

त्यासाठी फार मोठे काही करावे लागत नाही. रविवारी सकाळी नवरा-बायकोने, मुले मोठी असतील तर त्यांनाही बरोबर घेऊन, एका कागदावर चार रकाने आखावेत: वस्तू, ती रोज किती वेळ वापरली जाईल, किती वर्षे टिकेल आणि तिच्यासाठी हाती किती पैसे आहेत. खोलीची व दाराची मापे त्याच कागदाच्या मागे लिहावीत. सर्वांत खाली वर्षाचा एकच आकडा लिहावा आणि त्याखाली दोघांनी सह्या कराव्यात. मग तो कागद खिशात घालून दुकानाची पायरी चढावी. दुकानदार हप्ता सांगेल, सोयरे रीत सांगतील, शेजारी काही न सांगता आपला सोफा दाखवतील. त्या प्रत्येक वेळी खिशातला कागद काढून पाहता येईल.